हाफसाठी भांडणारी आजी

त्या पोराचं पाणी मी बंद केलं. हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही, घरात बायकोजवळही नाही. गावानं ही गोष्ट एका म्हातारीच्या नावावर लावली, म्हातारीनं ती लावून घेतली आणि मी गप्प बसलो. मुळात मी कमीच बोलतो, त्यामुळे कुणाला काही फरकही जाणवला नाही.

आता सांगतो. पण आधी म्हातारी.

मी एसटीत कंडक्टर. शिरूर-दौंड ही गाडी बरीच वर्षं माझ्याकडे होती. न्हावऱ्याच्या अलीकडच्या एका वस्तीवर ती चढायची. आधी फुलांची पाटी आत यायची, मग एक बारकं पोरगं उचलून आत ठेवलं जायचं, आणि सगळ्यात शेवटी पदर खोचत ती. पाय पायरीवर असतानाच ओरडायची, "मास्तर, दोन हाफ!"

आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात. शिकवत कुणी काही नाही, पण म्हणतात.

तुम्ही एसटीत बसला असाल तर एक पाहिलंच असेल. मिशीची लव फुटलेला पोरगा आईच्या मांडीवर गुडघे पोटाशी घेऊन बसतो आणि आई सांगते, "चार सरलंत आत्ताच." पाचच्या आतल्याला तिकीट नसतं, म्हणून आख्ख्या तालुक्यात पाच वर्षांचं पोर सापडायचं नाही. असल्या आयांशी भांडण्यात माझी निम्मी नोकरी गेली. या म्हातारीशी मात्र मला उलटं भांडावं लागलं.

"मावशी, बारक्याला तिकीट लागत नाही. ठेवा मांडीवर."

"का लागत न्हाई? सात सरून आठवं लागलंय त्याला."

मी पोराकडे पाहिलं. सीटवर बसल्यावर त्याचे पाय सीटच्या कडेला संपत होते. "साडेतीनच्या वर दिसत नाही हो."

"दिसण्यावर तिकीट हाय व्हय? मंग त्या पुढं बसल्याल्या सावकाराला दोन लावा!"

पुढं बसलेला जाड माणूस खिडकीबाहेर बघू लागला. म्हातारीनं पोराची हनुवटी धरली. "तोंड उघड रं शंभू. हे बघा मास्तर. दुधाचं पडल्यात, नवं आल्यात. फुकटातल्या पोराचं दात पडत्यात व्हय?"

मला दातातलं काय कळणार? पण गाडीत एक आबा होते, बैलांच्या बाजाराला जाणारे. लोकांनी त्यांना पुढं केलं. आबांनी चष्मा लावला, पोराला खिडकीच्या उजेडाकडे वळवलं, ओठ बोटानं वर करून दात पाहिले आणि निकाल दिला. "साताच्या आत न्हाई. दोन दाती हाय. फाडा हाफ." मग पोराच्या पायांकडे बघत म्हणाले, "पायात मात्र कमी हाय. कमानी झाल्यात. बैल असता तर मी घेतला नसता."

"मी बी तुमाला घेतलं नसतं, आबा," पोरगं म्हणालं.

गाडी हसली. मी हाफ काढलं. सरकारनं बायकांना अर्धं तिकीट केल्यापासून तिचंही हाफच होतं. दोन्ही तिकिटं कनवटीला लावत ती म्हणाली, "आमी दोगं मिळून एक मानूस."

पुढं ओळख झाल्यावर मी एकदा विचारलं, "मावशी, सगळं जग फुकट जायला बघतं. तुम्हालाच पैसे का जड झालेत?"

तिनं आवाज खाली आणला. "मास्तर, फुकट नेलं म्हंजी ते लहान हाय आसं ठरतंय. एकदा सरकारनंच लहान ठरवल्यावर पोरगं वाढंल कशाला?"

त्यानंतर मी न मागता हाफ काढत गेलो. एकदा तपासणीवाले चढले आणि माझ्यावरच उखडले, की एवढ्याशा पोराचं तिकीट काढून लोकांना लुबाडतोस का? म्हातारीनं त्यांनाही दात दाखवले. आबांना साक्षीला उभं केलं. साहेब निमूट उतरून गेले.

शंभूचे आईबाप कारेगावला, दोघंही कंपनीत. शिफ्ट सांभाळताना पोरगं सांभाळलं जाईना, म्हणून ते आजीकडे. बाजाराच्या दिवशी ती फुलं घेऊन दौंडला निघायची आणि त्याला बरोबर आणायची. पोरगं वाढत का नाही यावर गाडीत दर खेपेला चर्चा व्हायची, आणि प्रत्येकाकडे वेगळं कारण असायचं. जंत झालेत. मुडदूस आहे. मामाकडचे सगळे बुटके. दृष्ट लागलीय. रंग पांढरट पडला होता, त्यावर एक बाई म्हणायची, गोरा होतोय. सकाळी तो ओकायचा, त्यावर सगळ्यांचं एकमत होतं की गाडी लागते. एकदा गाडी सुरू व्हायच्या आधीच ओकला. तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "आठवणीनं लागली असंल."

कुणी हाताला धरून डॉक्टरकडे नेलं नाही असं नाही. टॉनिकच्या बाटल्या झाल्या, जंताचं औषध झालं, गळ्यात ताईत झाला. सगळं झालं. रक्त-लघवी तपासायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आणि पाणी. एवढ्याशा देहात इतकं पाणी जातं कुठं, हा आम्हाला प्रश्न पडायचा. मोठी बाटली न्हावऱ्याच्या आधीच संपायची. मग दुसऱ्यांच्या बाटल्या. त्यात पोरगं मीठ मागायचं, म्हातारीनं लाडानं चिमूट दिली की आणखी. आणि पाणी गेलं की कॅनॉलच्या पुलापाशी, "मास्तर, थांबवा, पोरगं फुटंल!"

तिथं एक लिंब होता. ड्रायव्हर गाडी बाजूला घ्यायचा, शंभू लिंबाखाली उभा राहायचा. त्याची धार जोरानं कधी यायची नाही. थेंब थेंब, बराच वेळ. आता कळतं, ते बघूनच डॉक्टरनं कान टवकारले असते. आम्ही घड्याळ बघायचो. गाडी थांबलीच आहे तर म्हणून दोन म्हातारे उतरायचे. मग चार. मग बायका पलीकडच्या बांधाआड. पुढं कुणीतरी तिथं चहाची टपरी टाकली. मैलाच्या दगडावर खडूनं कुणी लिहिलं, 'शंभू स्टॉप'. एक दिवस लिंबाखाली एक पाहुणा बॅग घेऊन हात दाखवत उभा.

"इथं कुठं उभे राहिलात?" मी म्हणालो.

"हितं गाडी थांबती म्हनत्यात."

नाही म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं. घेतला त्याला.

मग एका सकाळी कंट्रोलरनं मला बोलावलं. त्याच्या हातात ग्रामस्थांचा अर्ज. "मास्तर, कॅनॉलवर कुठला थांबा काढलाय? लोक म्हणतात, जलद गाड्यापण तिथं थांबवा. कुणाच्या हुकुमानं सुरू झाला हा थांबा?"

आता काय सांगणार? एका पोराच्या लघवीच्या हुकुमानं? कंट्रोलर सगळ्यांसमोर बोलला, वर म्हणाला, "पुढच्या वेळी रिपोर्ट करीन." ऐकणारे हसले. मी रागावलो नाही, तसा मी रागावत नाही. पण बाजाराच्या दिवशी म्हातारी चढली तेव्हा माझा आवाज निराळा निघाला.

"मावशी, पोराचं पाणी बंद करा."

"आँ?"

"पोट एवढंसं, पाणी एवढं. निघणारच ते. पाण्यानंच पोरगं फोफसं झालंय. भूक मरते त्याची, अन्न अंगी लागत नाही, म्हणून वाढ नाही. पाणी तोडा, बघा कसं ताडमाड होतं ते."

हे सगळं मला कुठून सुचलं, देव जाणे. खाकी अंगावर असली की माणसाला कुठल्याही विषयातलं सुचतं. गाडीतल्या दोघातिघांनी माना हलवल्या. म्हातारी अगदी लक्ष देऊन ऐकत होती.

"मंग किती द्यावं?"

"गोळी गिळण्यापुरतं."

"आन् रातीला?"

"रात्री तर नाहीच."

"बरं झालं मास्तर, तुमी सांगितलंत. त्या टॉनिकवाल्यानं हे सांगितलंच न्हाई."

मला वाटलं होतं, गाडीपुरतं करील. तिनं घरी माठालाच फडकं बांधलं आणि गाठीवर गाठ मारली. पुढच्या बाजाराला चढली ती हसत. "मास्तर, गुन आला! हातरून कोरडं ऱ्हातंय!" कॅनॉलवर गाडी थांबली नाही. म्हातारे कुरकुरले, टपरीवाला हात हलवत मागं राहिला. मी वेळेत दौंडला पोचलो.

तिनं गाडीभर सांगितलं, मास्तरांचा उपाय आहे. झालं. मला लोक गुडघे दाखवू लागले. एकीनं सुनेचं वांझपण विचारलं. तिकिटं काढता काढता मी पथ्यं सांगत होतो. वांगी सोडा. डाव्या कुशीवर झोपा. इतका मान मला नोकरीत कधी मिळाला नव्हता आणि तो मला आवडला, हेही सांगून टाकतो.

शंभू मात्र बोलेनासा झाला. आबांनी चिडवलं तरी उत्तर नाही. ओठ सुकलेले, अंग खाजवत बसायचा, बाकीच्यांच्या बाटल्यांकडे बघायचा. आजी म्हणायची, "समंजस झालाय." एकदा दौंडच्या स्टँडवर ड्रायव्हरनं रेडिएटरला पाणी घातलं आणि डबडं खाली ठेवून तो विडी ओढायला गेला. मी हिशोब देऊन येतो तर शंभू त्या डबड्यात तोंड घालून पाणी पीत होता. तेलकट पाणी. मी त्याला कानाला धरून आजीपुढं नेऊन उभा केला.

"बरं झालं बघितलंत, मास्तर," ती म्हणाली. "लई लबाड झालाय."

ड्रायव्हर लांबून म्हणाला, "अहो, पिऊ द्या की."

"तू गाडी चालव," मी म्हणालो.

उन्हाळ्यात एका बाजाराच्या दिवशी शंभूला आदल्या दिवसापासून जुलाब होते. तरी म्हातारी त्याला घेऊन आली, कारण घरी ठेवायचं कुणापाशी? केडगावच्या फाट्यापर्यंत तो तिच्या मांडीवर झोपून होता. मग त्याचे डोळे वर गेले. आबांनी त्याच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. आबा एवढंच म्हणाले, "ड्रायवर, दवाखाना." दौंडला स्टँडवर न जाता गाडी थेट दवाखान्याच्या फाटकात घुसली.

आख्खी गाडी उतरून आत आली. फुलांची पाटी केसपेपरच्या खिडकीत ठेवली गेली. नर्स ओरडत होती, "पेशंट कोण?" आणि बरेच जण हात वर करत होते, कारण आलोच आहोत तर बीपी बघून घ्यावं असं काहींना वाटलं होतं. आबांनी तर शर्टाची बाहीही वर केली होती. जाड सावकार तिथंच झोपला, त्याला सलाईन लावायला निघाले होते.

आत शंभूला खरोखरच सलाईन लागलं. डॉक्टर तरुण पोरगी होती. तिनं त्याचे पाय पाहिले, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, वय विचारलं. आठवं म्हटल्यावर पुन्हा विचारलं. म्हातारीचा हात पोराच्या हनुवटीकडे गेला, पण या वेळी कुणी दात मागितले नाहीत.

"लघवीला किती होते? पाणी खूप पितो का?"

"प्यायचा," म्हातारी अभिमानानं म्हणाली. "आता न्हाई पीत. सवय मोडली त्याची."

डॉक्टरचा पेन थांबला. तिनं आवाज चढवला नाही, पण एकेक शब्द सावकाश बोलली. याची मूत्रपिंडं जन्मापासूनच नीट नसणार. असं मूल एका दिवसात आजारी पडत नाही. आधी वाढ थांबते आणि घरच्यांना ते नुसतं बारकं वाटतं. मग भूक जाते, सकाळी ओकाऱ्या होतात, रक्त कमी होतं, हाडं वाकतात. अशा मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवता येत नाही, ते गळून जातं, म्हणून मूल सारखं पाणी मागतं. "तो पीत होता म्हणून इतके दिवस टिकला, आजी. कोरडं पडलं की उरलेली मूत्रपिंडंही जातात. पाणी बंद करायला कुणी सांगितलं?"

मी तिथंच होतो. गळ्यात तिकिटाचं मशीन होतं. मी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता, तरी मी पाहत राहिलो.

म्हातारीनं माझ्याकडे एकदा बघितलं. "कुनी न्हाई," ती म्हणाली. "माज्याच डोस्क्यातलं."

"गाडीला उशीर होतोय," मी म्हणालो, आणि बाहेर आलो. लोकांना गोळा केलं. डबल बेल मारली.

पुण्याला नेल्यावर कळलं, की दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ गेली आहेत. पोटात नळी घालून डायलिसिस सुरू झालं, घरच्या घरी करतात तसलं. रक्तासाठी इंजेक्शनं, हाडांसाठी गोळ्या, आणि पुढं कधीतरी कुणाची तरी किडनी. पुण्याच्या डॉक्टरनं शंभूच्या बापाला सांगितलं होतं, की हे झालंच असतं. ते वाक्य बापाकडून माझ्या कानावर आलं आणि मी ते पुष्कळ दिवस खिशात घालून फिरलो. पुढचं वाक्य मला आबांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाला होता, "पण इतक्या लवकर नसतं."

सुनेनं पोराला कारेगावला नेलं आणि सासूशी बोलणं टाकलं. म्हातारीनं पोराला तहानेनं मारलं असतं, असं वस्तीवर लोक बोलू लागले. गाडीतल्या ज्यांनी माझा उपाय कानांनी ऐकला होता, तेही बोलू लागले. हे मला कधी उमजलं नाही. लोक खोटं बोलत नव्हते, बहुतेक खरंच विसरले होते. मास्तर माणूस असलं काही सांगणार नाही, असं त्यांनी मनात ठरवून टाकलं असावं.

ती एकटी यायची. एकदा गाडी रिकामी होती. मी तिच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, "मावशी, मी सांगतो तुमच्या सुनेला."

"काय सांगताय?"

"पाण्याचं."

ती पाटीतल्या झेंडूवर पाणी शिंपडत होती. "नगा. तुमी सांगितलं, पर केलं कुनी? गाठ माज्या हातची. आन् तुमचं नाव निघालं तर लोक गाडीत बसायचं न्हाईत. म्हनतील, या गाडीतलं मास्तर पोरं मारत्यात." मग म्हणाली, "मला काय, मी म्हातारी. एक बोलनं जास्तीचं झालं तर कुटं जड हाय?"

मला सुटल्यासारखं वाटलं. तिनं नको म्हटलं म्हणून मी गप्प आहे, असं त्या दिवसापासून मी स्वतःला सांगत आलो. ती नको म्हणणार, हे मला विचारण्याआधीच माहीत होतं.

तिनं किडनी द्यायचाही हट्ट धरला होता. पुण्याच्या डॉक्टरनं वय फार झालं म्हटल्यावर तिथंच तोंड उघडून उभी राहिली. "बघा, सगळं दात शाबूत हायेत. मी कुटं म्हातारी?" डॉक्टरला या तपासणीची सवय नव्हती. त्यानं दातांच्या विभागाची चिठ्ठी लिहून दिली. तिनं ते सगळ्या गाडीला सांगितलं, स्वतः हसली, आणि दौंड येईस्तोवर खिडकीकडे तोंड करून बसली.

ती गेली ती साध्या तापानं. दोन दिवस अंगावर काढला, आणि संपली.

दहावा नदीकाठी झाला. आमच्याकडे दहाव्याला पुढाऱ्यांची भाषणं असतात, तुम्हाला माहीत असेल. ज्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं त्यांनी माइकवरून 'मातोश्री' म्हणत तिची कीर्ती सांगितली. एकानं कॅनॉलवरच्या थांब्याचं श्रेय घेतलं आणि तिथं मातोश्रींच्या नावानं निवारा शेड जाहीर केलं. दुसऱ्यानं त्याच्याहून मोठं शेड जाहीर केलं. मग कुणीतरी म्हणालं, "मास्तर, तुम्हीपण बोला दोन शब्द, तुमच्या गाडीतल्या होत्या." माइक माझ्या हातात आला. समोर सगळं गाव, सून, शंभूचा बाप. मी म्हणालो, "फार चांगल्या होत्या. गाडीत कधी फुकट बसल्या नाहीत." आणि माइक परत दिला.

सून बायकांत बसून सांगत होती, "आत्यांनी जीव लावला, न्हाई म्हनत न्हाई. पन अडानीपनानं पोराची किडनी घालवली."

शंभू माझ्याजवळ येऊन बसला. सदऱ्याखाली पोटाशी पट्टी होती. इंजेक्शनांनी थोडा उजळला होता, बोटभर वाढलाही होता. नदीकडे बघत म्हणाला, "मास्तर, आजी मला पानी का देत नव्हती? मी नको झालो होतो का तिला?"

"असं नसतं रे," मी म्हणालो. "आवडायचास तू."

"मंग पानी का न्हाई दिलं?"

मी घड्याळ बघितलं. गाडीची वेळ झाली म्हणालो आणि उठलो. त्या दिवशी माझी रजा होती.

आता माझी ड्यूटी दुसऱ्या मार्गावर आहे. कारेगाव वाटेत लागतं. शंभूचं घर रस्त्यापासून लांब नाही, हे मला ठाऊक आहे. पाणी तोडायला मी सांगितलं आणि आजीनं फक्त माझं ऐकलं, हे त्याच्या आईसमोर त्याला सांगायचं मी देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.